पणजीची नाव, पणतीची नाव

उमरेड म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, कोळशाची खाण आणि कऱ्हांडल्याचा वाघ. पाणी कुणालाच आठवत नाही. वास्तविक आमच्या गावाजवळून वाहणारी आम नदी पुढे कुही तालुक्यातून जाऊन अंभोऱ्याला वैनगंगेत विसर्जित होते. उन्हाळ्यात जिच्या पात्रात गुरे चरताना दिसतात तीच ही नदी, अंभोऱ्याला पोचेपर्यंत एका अथांग जलाशयाचा भाग होऊन जाते. गेल्या दिवाळीत आम्ही चार पिढ्या तिच्या मागोमाग तिथवर गेलो. त्या प्रवासाची आणि त्याआधी घरात चाललेल्या एका वादाची ही हकीकत आहे. आपल्या घरी एखादे वृद्ध माणूस आणि एखादे लहान मूल असेल, आणि दोघांनाही पाण्याची ओढ असेल, तर ती आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

वाद नावेचा होता. माझा मुलगा हैदराबादला नोकरी करतो. तिथल्या हुसेनसागरात शिडाच्या नावा चालतात. तो तिथे शीड हाकायला शिकला आणि आता स्वतःसाठी व आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी एक छोटी शिडाची नाव विकत घ्यावी असे त्याच्या मनाने घेतले. ‘बाबा, तुम्ही डॉक्टर आहात. कोणती नाव घेऊ ते धोक्याच्या बाजूने बघून सांगा,’ असे त्याचे म्हणणे होते. हे बोलणे माझी एक्याऐंशी वर्षांची आई ऐकत होती. ती म्हणाली, ‘नाव घेतोस तर मलाही एकदा बसव. माझ्या माहेरावरून ने.’

आईचे माहेर कुही तालुक्यातले. ते गाव आता पाण्याखाली आहे. वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या आणि तेहतीस दरवाज्यांच्या या धरणात पुढे टप्प्याटप्प्याने पाणी अडले, तशी गावे उठली. पुनर्वसनाच्या वसाहतीत आईचे भाऊ राहायला गेले, पण आईच्या लेखी ते माहेर नव्हे. लहानपणी ती डोंग्यात बसून नदीपलीकडच्या बाजाराला जात असे. तिची मागणी साधी होती आणि मी ती अकरा वर्षे टाळत आलो होतो.

माझी चूक

टाळण्याला कारण होते. अकरा वर्षांपूर्वी मी वडिलांना एका जलाशयावर नौकाविहाराला नेले होते. हृदयाच्या आजारासाठी त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. सहल उत्तम झाली. नाव काठाला लागली. मी आधी उतरलो आणि छायाचित्र काढण्यासाठी मागे वळलो. वडिलांचा एक पाय पायरीवर आणि एक नावेत असताना नाव हातभर मागे सरली. ते पायरीवर पडले. मनगट मोडले, डोक्याला खोक पडली आणि गोळीमुळे रक्त लवकर थांबेना. पुढचे तीन दिवस मेंदूत रक्तस्राव होतो की काय या चिंतेत गेले. ते त्यातून बरे झाले, पण पुन्हा कधी मोकळेपणाने चालले नाहीत. दोष नावाड्याचा नव्हता. मी डॉक्टर असून चढण्या-उतरण्याचा क्षण ओळखला नाही, हा दोष माझा.

म्हणून पहिली गोष्ट आपणांस सांगतो. वृद्धांच्या बाबतीत बुडण्याच्या भीतीने आपण पाण्याकडे पाहत राहतो आणि अपघात काठावर होतो. नाव निवडताना ती पाण्यावर कशी चालते याआधी, तिच्यात पाऊल कसे टाकायचे, हे पाहावे. धक्का आणि नावेचा काठ एका पातळीत आहेत काय? दोन्ही टोकांना दोर बांधून नाव धक्क्याशी घट्ट धरता येते काय? आधाराला कठडा आहे काय? या तीनपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर काठावर बसून पाणी पाहण्यातही आनंद असतो.

शिडाच्या नावांचे घराणे

मुलाने तीन-चार नावांची माहिती पुढे ठेवली. आमच्या पिढीला शिडाच्या नावा आठवतात त्या 1982 च्या आशियाई खेळांमुळे. खेळ दिल्लीचे, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ जातीच्या नावेत सुवर्णपदक मिळवले. मात्र शर्यतीची नाव आणि बाप-लेकीची नाव या वेगळ्या वस्तू आहेत.

लहान मुलांसाठी जगभर प्रसिद्ध असलेली नाव म्हणजे ‘ऑप्टिमिस्ट’. क्लार्क मिल्स नावाच्या अमेरिकन कारागिराने 1947 मध्ये फ्लोरिडात ती आखली. लांबी सुमारे 2.3 मीटर, वजन पस्तीस किलो, पुढचे तोंड चौकोनी, एकच शीड. पंधरा वर्षांपर्यंतची मुले तिच्यात शर्यती करतात. पण ती एका मुलासाठी आहे. मोठा माणूस तिच्यात गुडघे छातीशी घेऊन बसेल, वारा आला तर त्याला हलायला जागा नसेल आणि मुलाला सावरायला हात मोकळा नसेल. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले, पोहायला लागले आणि स्वतःहून नाव मागू लागले, की ऑप्टिमिस्टचा विचार करावा.

‘एंटरप्राइज’ ही आपल्या देशातील नौका-मंडळांत पूर्वापार दिसणारी नाव. लांबी चार मीटरच्या किंचित वर, दोन माणसांची, दोन शिडांची. चपळ आहे, म्हणूनच चंचलही आहे. दोन्ही माणसांनी क्षणात एका बाजूला झुकून तोल राखावा अशी तिची अपेक्षा असते. सहा वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा कशी करायची?

‘वेफेरर’ ही 1957 मधली इयन प्रॉक्टर यांची रचना. पावणेपाच मीटरहून लांब, रुंद, शांत स्वभावाची. तिच्यात बाप, आई आणि मूल तिघे बसू शकतात. परंतु तिचे वजन पावणेदोनशे किलोच्या घरात आहे. एकटा बाप मुलीला काठावर सोडून ती पाण्यात ढकलू शकणार नाही, आणि उलटली तर एकट्याने सरळ करणेही जड जाईल.

राहिली ‘मिरर’. 1960 च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडात जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती सामान्य कुटुंबांनी घरी बांधावी म्हणून आखली. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. लांबी 3.3 मीटर, सांगाडा साधारण पंचेचाळीस किलो, बाजूंना हवाबंद कप्पे. एक मोठा माणूस आणि एक मूल यांना ती पुरते आणि एकट्याला आवरते. मुलाचा कल तिच्याकडे होता आणि माझाही झाला.

नावांची नावे लक्षात ठेवण्याची आपणांस गरज नाही. तत्त्वे ध्यानात ठेवावीत. मुलासह बसायची नाव रुंद असावी, म्हणजे कुणी एका काठाला सरकले तरी ती लगेच कलणार नाही. उलटली तरी बुडू नये, यासाठी तिच्यात हवाबंद कप्पे असावेत. डोलकाठीच्या टोकाला तरंगणारा गोळा बांधलेला असला, तर नाव पूर्ण पालथी होत नाही. शीड अर्धे गुंडाळून लहान करता यावे. आणि शिडाखालची आडवी दांडी बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाईल इतकी उंच असावी. वाऱ्याची दिशा बदलली की ही दांडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वेगाने फिरते. मुलाच्या कपाळाला ती लागली तर टेंगूळ येईल. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाला लागली, तर प्रसंग गंभीर होऊ शकतो. याच एका कारणाने मी आईला शिडाच्या नावेत बसवण्यास स्पष्ट नकार दिला. मुलगा हिरमुसला. आई म्हणाली, ‘मला शीड नको, पाणी हवं.’

अंभोऱ्याच्या काठावर

कुही, वेलतूर मागे टाकून आम्ही सकाळी आठच्या सुमारास अंभोऱ्याला पोचलो. पाच नद्यांचा हा संगम आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे, आणि मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथे रचला असे इथली परंपरा मानते. 2024 मध्ये खुल्या झालेल्या दोरखंडी पुलाच्या मनोऱ्यात आता उंचावर प्रेक्षागॅलरी आहे. नागपूरची तरुण मंडळी ती पाहायला येतात. आईने पुलाकडे एकदा पाहिले आणि मग पाण्याकडेच पाहत राहिली.

काठावर धिवर समाजाचे एक वयस्कर गृहस्थ जाळे निवडत बसले होते. मुलाने त्यांना शिडाविषयी विचारले. त्यांनी हसून टेकड्यांकडे बोट दाखवले. वारा या टेकड्यांना आपटून कुठून कसा येईल ते सांगता येत नाही, असे ते म्हणाले. ‘आणि खाली गाव आहे, साहेब. झाडांची खोडं उभी आहेत, भिंती आहेत.’ शिडाची नाव वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून पोटातून एक फळी पाण्यात उतरवावी लागते. ती बुडालेल्या खोडात अडकली तर नाव जागच्या जागी कलंडेल. मुलाने मान डोलावली. हैदराबादच्या तलावासाठी निवडलेली नाव अंभोऱ्याला चालेल असे नाही, हे त्याला पुस्तकातून नव्हे, त्या एका वाक्यातून पटले.

मग त्यांनी आपला डोंगा दाखवला. अरुंद, हलका, एका माणसाच्या हातात पाखरासारखा फिरणारा. ‘हा माझ्यासाठी,’ ते म्हणाले, ‘म्हातारीसाठी नाही.’ ज्याने उभा जन्म पाण्यावर काढला तो माणूस स्वतःची नाव दुसऱ्यासाठी नाकारतो, यात केवढे शहाणपण आहे! आम्ही रुंद, सपाट तळाची, पाठीला टेकू असलेल्या बाकांची यंत्रनौका ठरवली. बाक गुडघ्याच्या उंचीचे होते. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण गुडघे झिजलेल्या माणसाला खाली बसकण मारायला लावणारी नाव म्हणजे उठताना होणाऱ्या पडझडीला आमंत्रण आहे.

जाकिटाची गोष्ट

नावाड्याने तरंगजाकिटे आणली. पणतीसाठी आणलेले मोठ्या माणसाचे होते. मी त्याचे दोन्ही खांदे धरून वर उचलले, तर ते तिच्या कानांपर्यंत आले. आपणही हीच परीक्षा करावी. जाकीट वर सरकले तर पाण्यात मूल खाली निसटते आणि जाकीट वर तरंगत राहते. मुलाचे जाकीट त्याच्या वजनाप्रमाणे घ्यावे, मांड्यांमधून जाणारा पट्टा त्याला असावा आणि मानेमागे डोके पेलणारी कॉलर असावी. त्यावर ‘न्यूटन’ या एककात आकडा छापलेला असतो. पन्नासचे जाकीट पोहता येणाऱ्यासाठी असते. पोहता न येणारा वृद्ध आणि लहान मूल यांच्यासाठी शंभर किंवा अधिकचे घ्यावे. हवा भरण्याची रबरी कडी हे खेळणे आहे, संरक्षण नव्हे. आणि भीतीपोटी मुलाला दोरीने नावेला किंवा स्वतःला कधीही बांधू नये. नाव उलटली तर तीच दोरी त्याला पाण्याखाली धरून ठेवते.

आम्ही पणतीचे जाकीट घरूनच आणले होते. अडचण आईची झाली. लुगड्यावर हे असले नारिंगी काही घालायला ती तयार होईना. ‘लोक काय म्हणतील?’ मी औषधांच्या गोष्टी सांगितल्या, त्या तिने ऐकून घेतल्या नाहीत. शेवटी पणती पुढे झाली. ‘पणजी, माझं पण आहे बघ,’ म्हणत तिने आपल्या हाताने आईच्या जाकिटाचा चाप लावला. आईने पदर कमरेला खोचला आणि विषय संपला. वृद्धांना आज्ञा नको असते, सोबत हवी असते, हे इतक्या वर्षांच्या व्यवसायात मला अनेकदा दिसले आहे. तरीही घरात मी ते विसरतो.

चढताना दोन्ही टोकांचे दोर बांधून घेतले. मी नावेत, मुलगा धक्क्यावर. आईचे दोन्ही पाय नावेत स्थिर होईपर्यंत कुणीही छायाचित्र काढले नाही.

पाण्यावर

सकाळचे पाणी काचेसारखे होते. आपल्याकडे विदर्भात वारा सहसा दुपारनंतर चढतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर निरभ्र आकाशातून तासाभरात वादळ उठते. म्हणून वृद्ध व मुले यांच्यासाठी पावसाळा संपल्यानंतरची सकाळ हीच खरी वेळ. धरणातून विसर्ग चालू असल्याची सूचना असेल त्या दिवशी जाऊ नये, आणि जलाशयात स्वतःची नाव घालण्यापूर्वी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्यावी.

पाण्यात हात घालू पाहणाऱ्या पणतीला मी थांबवले. कारण सांगायला हवे. नागपूरचे सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान इथे वैनगंगेला. हातापायाला जखम असेल तर असे पाणी लागू देऊ नये, तोंडात जाऊ देऊ नये आणि घरी आल्यावर साबणाने धुवावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आपल्या नेत्रतज्ज्ञाने परवानगी देईपर्यंत डोळ्यात पाण्याचे तुषार जातील अशा सहली टाळाव्यात.

अर्ध्या तासाने आई म्हणाली, ‘यंत्र बंद करायला सांग.’ नावाड्याने केले. शांतता झाली. दूरच्या एका टेकडीची आणि काठावरल्या एका चिंचेची मनात रेघ जोडून ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, ‘इथंच कुठं तरी आमची विहीर होती.’

आम्ही कुणी काही बोललो नाही. पणतीने खाली वाकून पाहिले आणि विचारले, ‘मग पणजी, त्या विहिरीत आता किती पाणी आहे?’

आई हसली. वडील गेल्यानंतर इतके मोकळे हसताना मी तिला क्वचितच पाहिले होते. ‘पुष्कळ,’ ती म्हणाली, ‘आता कधी आटायची नाही.’ बोलता बोलता तिने डोळे पुसले आणि पणतीला बाजाराच्या दिवशी डोंग्यातून कोंबड्या कशा नेत असत ते सांगू लागली. नाव काठाला लागेपर्यंत ती गोष्ट चालू होती. उतरताना मी मागे थांबलो. या वेळी सर्वांत शेवटी उतरलो.

आपण निघण्यापूर्वी

मधुमेहाच्या रुग्णाने उपाशीपोटी पाण्यावर जाऊ नये. साखरेची पुडी खिशात ठेवावी. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी ती मनाने बंद करू नये, त्या दिवशीची वेळ बदलता येईल का हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बोट लागू नये म्हणून दुकानातून आणलेल्या गोळीने ज्येष्ठांना गुंगी, गोंधळ किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडणे होऊ शकते. ती विचारल्याशिवाय घेऊ नये. बसलेल्या जागेवरून झटकन उठू नये, चक्कर येते. पायात पट्ट्याची, रबरी तळाची चप्पल असावी. पहिली सहल चाळीस मिनिटांहून मोठी नसावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारे मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही. ते निमूट खाली जाते. म्हणून नावेत एका मोठ्या माणसाचे काम एकच असावे, मुलाकडे पाहणे. कुणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी घेऊ नये, दोर, वल्हे किंवा रिकामा डबा पुढे करावा. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबणे, त्याला उलटे धरून फिरवणे हे प्रकार आजही गावोगाव होतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, मग तीस वेळा छाती दाबणे आणि दोन श्वास हा क्रम चालू ठेवावा, आणि दुसऱ्याने 108 ला फोन करावा. हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. ते एका दुपारचे काम आहे.

मुलाने पुढे जुनी मिरर घेतली. ती हैदराबादला आहे. पहिल्या दिवशी काठाजवळच्या उथळ पाण्यात त्याने ती मुद्दाम उलटवली आणि सरळ करून दाखवली, हे पाहिल्यावरच पणती तिच्यात बसली. नवी नाव घेणाऱ्या प्रत्येकाने हा पाठ करावा. आईला ती त्या नावेची छायाचित्रे पाठवते. आईचे मत अजून बदललेले नाही. तिला शीड नको आहे. परवा माझ्या दवाखान्यात येऊन तिने विचारले, ‘अंभोऱ्याला पुन्हा कधी?’ आता टाळण्यासारखे कारण माझ्याजवळ उरलेले नाही. पाऊस सरला, विसर्ग थांबला, की निघणार आहोत.